११२ पायऱ्या : एका दीर्घकथेच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

नवी वही. दीर्घकथा, अंदाजे नऊ हजार शब्द, फेब्रुवारीत हातावेगळी करायची. स्थळ: धरणाच्या पोटातली निरीक्षण गॅलरी, म्हणजे भिंतीच्या आतून जाणारा बोगदा. माणसं दोनच. एक, निवृत्तीला आठ दिवस उरलेला, गळती मोजणारा म्हातारा. दुसरी, त्याच्या जागी रुजू झालेली मुलगी. नावं सुचलेली नाहीत, म्हणून तूर्त 'म्हातारा' आणि 'नवी'. गुपित एकच: गुडघे गेल्यामुळे म्हातारा दोन वर्षं गॅलरीच्या पार टोकाला गेलेलाच नाही. तिथलं रीडिंग तो अंदाजाने भरतोय. आणि आता शेवटच्या आठवड्यात नवीला सगळं फिरून दाखवणं भाग आहे.

ही वही कथेसाठी नाही, कथेतल्या जागेसाठी आहे. मागच्या दोन कथा वाचून ताई म्हणाली होती, "तुझी माणसं बोलतात छान रे, पण उभी कुठे आहेत ते कळत नाही. तालमीला आल्यासारखी वाटतात, नेपथ्य अजून यायचंय." तेव्हापासून ते डोक्यात आहे.

५ नोव्हेंबर

सुरुवात लिहिली. एका बैठकीत १,१०० शब्द, सगळे धरणाचे. म्हातारा अजून पायऱ्यांपर्यंत पोचलेला नाही. नमुन्यादाखल:

"धरण शांत उभं होतं. त्याच्या अजस्र छातीत वर्षानुवर्षांचं दुःख साठलं होतं. भिंती मूकपणे अश्रू ढाळत होत्या आणि काळोख त्यांचं सांत्वन करत होता."

लिहिताना भारी वाटलं होतं. ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती जरा थांबून म्हणाली, "धरणाला काय झालंय? कुणी गेलं का त्याचं?"

६ नोव्हेंबर

रात्री राग आला, सकाळी हसू. शाळेत चेतनगुणोक्ती अलंकार शिकवला, तो कुठे वापरू नये हे मात्र कुणी शिकवलं नाही. इंग्रज समीक्षक जॉन रस्किनने १८५६ साली याच खोडीला 'पॅथेटिक फॅलसी' हे नाव दिलं. समुद्राच्या फेसाला क्रूर म्हणणाऱ्या कवितेच्या ओळी त्याने उदाहरणाला घेतल्या होत्या. त्याचं म्हणणं सरसकट बंदीचं नव्हतं, हे मी विसरलो होतो. शोकाने भांबावलेल्या मनाला फेस तसा दिसू शकतो, हे त्याला मान्य होतं. म्हणजे रडणारं कुणीतरी पाहिजे. माझ्या परिच्छेदात माणूसच नाही. रडतोय तो मी, लेखक, आणि तेही उगाच.

आपल्याकडचा काव्यशास्त्रातला शब्द मला जास्त कामाचा वाटतो: उद्दीपन विभाव. ज्याच्यामुळे भाव जागा होतो तो आलंबन विभाव, आणि जागा झालेला भाव ज्याने पेटतो तो उद्दीपन. चांदणं, उपवन, ढग, एकांत ही सगळी मंडळी उद्दीपनातली. आधी भाव हवा, मग चांदणं. मी नुसतंच चांदणं अंथरून बसलो होतो.

१,१०० शब्द बाजूला काढले. खोडले नाहीत, वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. तेवढा धीर अजून नाही.

१२ नोव्हेंबर

बऱ्याच खटपटीनंतर एका धरणाच्या गॅलरीत जायची परवानगी मिळाली. तासभर, सोबत एक कर्मचारी. परत आल्यावर वही उघडली तर नोंदी अशा: पिवळे बल्ब. भिंतीवर पांढरे ओघळ. छताला पांढऱ्या बारीक काड्यांसारखं काहीतरी. पायाशी नाली. प्रतिध्वनी. गार. (गार की दमट? आत्ताच आठवत नाही!)

सगळं डोळ्यांनी टिपलेलं. कुठला हात रेलिंगवर होता, कुठे पाय जपून टाकावा लागला, कुठल्या वळणावर आवाज बदलला, यातलं काहीच नाही. पर्यटक नोंदी करतो तशा नोंदी केल्या. सोबतचा माणूस मात्र बोलता बोलता, खाली न बघता, ओली जागा टाळून पलीकडे पाय टाकत होता. शेवटच्या टप्प्यात छत एकदम बसकं आहे, तिथे त्याची मान आपोआप खाली गेली. मी मागून येत होतो, माझं कपाळ आपटलं. टेंगूळ आलंय. प्रकल्पाची आजची कमाई एवढीच.

१५ नोव्हेंबर

ओळखीतले एक काका आयुष्यभर धरणाच्या कामावर होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, मला गॅलरीचं वातावरण कथेत आणायचंय. ते म्हणाले, "तुमचा माणूस तिथे कशाला जातो?"

"गळती मोजायला."

"मग वातावरण कसलं आणताय? रीडिंग आणा."

पुढचा दीड तास त्यांनी व्ही-नॉच समजावून सांगितला. गॅलरीतलं झिरपलेलं पाणी नालीतून वाहत येतं. नालीत एक पत्रा आडवा बसवलेला असतो, त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच चढलंय ते पट्टीवर वाचायचं, की प्रवाह कळतो. खाच ९० अंशांची असेल आणि पाणी ५ सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला पाऊण लिटरच्या किंचित वर. उंची दुप्पट, म्हणजे १० सेंटिमीटर झाली, तर? मी म्हटलं, दीड लिटर. काका खूश झाले, सगळेच असं चुकतात म्हणे. उत्तर ४.४ लिटर. प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो, त्यामुळे साडेपाचपटीच्या वर जातो. ५ चे नुसते ६ सेंटिमीटर झाले तरी प्रवाह दीडपट ओलांडतो.

घरी येताना माझ्या डोक्यात ते एक सेंटिमीटरच घोळत होतं. नखाएवढं अंतर. वाकून, विजेरीच्या उजेडात, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून वाचायचं. ते न वाचता वरच बसून '५' लिहिणं किती सोपं! आठ दिवस वाट बघत होतो तो प्रसंग मला पत्र्यातल्या एका खाचेने दिला.

२० नोव्हेंबर

पाण्याची क्रियापदं. हा दिवस मजेत गेला, म्हणून सविस्तर.

पहिल्या खर्ड्यात गॅलरीतलं पाणी सगळीकडे 'गळत' होतं. मोजलं, सतरा वेळा. मराठीत इतके शब्द असताना मी एकावरच भागवलं होतं. झिरपतं ते दिसत नाही, हात लावल्यावर कळतं. पाझरतं ते दिसतं, पण धार नसते. ओघळतं त्याला वाट असते आणि मागे डाग राहतो. ठिबकतं ते ऐकू येतं. निथळतं ते मुळात भिजलेल्या वस्तूतून, तेव्हा भिंत निथळत नाही, म्हाताऱ्याचा रेनकोट निथळतो. आणि गळतं त्याखाली भांडं ठेवावं लागतं, म्हणजे त्यात काहीतरी बिघडल्याची कबुली आहे.

म्हणजे शब्द निवडला की जागेची अवस्था ठरते, वेगळं विशेषण लागत नाही. पायऱ्यांवर भिंती ओलसर आहेत, झिरपतंय. पहिल्या नॉचपाशी पाझर. पुढे ठिबकायला लागतं. टोकाला गळतं. माणसं आत जातायत तसं क्रियापद चढत जातं. सतरापैकी 'गळणं' एकदाच ठेवलं, चौथ्या नॉचला. वाचकाच्या ते लक्षात यावं असा आग्रह नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात आली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे जागा वाक्याच्या तोंडाशी गोळा होते: "पिवळ्या बल्बच्या उजेडात, ओल्या भिंतीला खांदा घासत, नालीच्या कडेकडेने, शेवाळलेल्या फरशीवरून म्हातारा चालत होता." 'चालत होता'पर्यंत पोचताना वाचकाच्या हातात चार पिशव्या. एका वाक्यात एकच पिशवी द्यायची, असं ठरवलंय. उरलेल्या तीन पुढच्या वाक्यांत वाटायच्या किंवा टाकून द्यायच्या. बहुतेक टाकूनच द्याव्या लागतात.

२६ नोव्हेंबर

नकाशा काढला. दरवाजा, ११२ पायऱ्या, मग २४० मीटरची गॅलरी, तीत चार नॉच, टोकाला बसकं छत. पायरी १७ सेंटिमीटरची धरली तर साधारण १९ मीटर खोल उतरायचं. म्हणजे सहा मजले. तेवढंच चढूनही यायचं, आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्यांची खरी अडचण चढण्यात आहे की उतरण्यात? काकांना विचारलं. "उतरताना जास्त दुखतं," असं ते विचार न करता म्हणाले. त्यांच्याही गुडघ्यांबद्दल मी कधी विचारलं नव्हतं.

नकाशामुळे पहिला फटका संवादाला बसला. दुसऱ्या आणि तिसऱ्या नॉचच्या मधे दोघांचा संवाद आहे, मोठ्याने वाचला तर अकरा मिनिटं. अंतर साठ मीटर. म्हातारा कितीही रखडत चालला तरी दोन मिनिटांत पोचेल. उरलेली नऊ मिनिटं ही दोघं काय हवेत तरंगत होती? दोन पर्याय: संवाद कापायचा, किंवा म्हाताऱ्याला थांबवायचं. तो थांबतोच! गुडघ्यासाठी थांबतो, पण नवीला कळू नये म्हणून दर वेळी काहीतरी दाखवायच्या निमित्ताने. "हा सांधा बघ." "हे भोक बघ." प्रत्येक थांब्यात एक खोटं. संवाद निम्मा केला, थांबे चार ठेवले.

याच कामी स्टीव्हन्सनची हकिगत आठवली. 'ट्रेझर आयलंड' सुरू झालं १८८१ साली, बेटाचा नकाशा आधी आणि गोष्ट मागून. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा वाटेत गहाळ झाला आणि स्टीव्हन्सनला आपल्याच पुस्तकातले सगळे उल्लेख जुळवत तो नव्याने आखावा लागला. पहिला काढताना मजा होती, दुसरा काढताना नुसती हमाली, असा त्याचा सूर आहे. मी गोष्ट लिहून मग नकाशा काढतोय, म्हणजे थेट हमालीपासूनच सुरुवात.

आणि आयरिश कादंबरीकार जॉइस. 'युलिसिस' छापून यायला तीन महिने राहिले असताना, नोव्हेंबर १९२१ मध्ये, त्याने पॅरिसहून डब्लिनच्या मामीला पत्राने विचारलं होतं: एक्लीस रस्त्यावरच्या ७ नंबरच्या घराचं रेलिंग ओलांडून साधा माणूस खाली लोंबकळून, इजा न होता उडी टाकू शकेल का? त्याने ते एकाला करताना पाहिलं होतं, पण तो माणूस कसलेल्या अंगाचा होता. घर कसं दिसतं हे त्याने विचारलं नाही, शरीराला ते जमेल का एवढंच विचारलं. मी गॅलरीत तास काढून हा एकही प्रश्न विचारला नव्हता.

४ डिसेंबर

आज दणका. काकांचा फोन. "तुमच्या कथेत पाऊस का कोसळतोय?"

कारण मला वादळ हवं होतं. सांडव्याचे दरवाजे उघडलेले, विसर्गाचा घुमणारा आवाज, भिंतीला कंप, आणि त्यात म्हाताऱ्याचं गुपित फुटतं. ७०० शब्द, माझ्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं वर्णन.

काका म्हणाले, पाणी भरलेलं असतं तेव्हा गळती वाढते हे खरं, पण काँक्रीटच्या धरणात सांध्यांमधून येणारी गळती बघायची तर थंडीत बघा. बाहेरच्या थंडीने काँक्रीट आकसतं, सांध्यांतल्या फटी केसभर रुंदावतात. जलाशयाची पातळी जागच्या जागी असते आणि नॉचवर पाणी चढतं. नवख्याला कारण कळत नाही.

मी गप्पच झालो. म्हातारा अंदाजाने आकडे भरताना काय करेल? जलाशयाची पातळी बघून भरेल. पातळी स्थिर तर आकडा स्थिर. वर बसलेल्या माणसाला हिवाळ्यातला चढ सुचणारच नाही. सुचायला हवा खरं तर, तो इतकी वर्षं खाली जात होता. मग सुचूनही तो भरत नाही का? चढ दाखवला तर कुणीतरी बघायला येईल म्हणून? म्हाताऱ्याबद्दल मला आजवर न पडलेला प्रश्न मला हवामानाने विचारला.

कथा जानेवारीत नेली. बाहेर काहीच घडत नाही, स्वच्छ ऊन, जलाशय आरशासारखा. वादळ कापलं. तेही त्या दुसऱ्या फाइलमध्ये गेलं. ती फाइल आता कथेपेक्षा मोठी झालीय.

९ डिसेंबर

सराव: एकच जागा, तिसरा नॉच, दोघांच्या बाजूने.

म्हातारा: "तिसऱ्यापाशी तो थांबला. पट्टीकडे बघायच्या आधीच 'साडेपाच' म्हणाला आणि मग वाकून पाहिलं. साडेपाच. रेलिंगचा इथला बोल्ट सैल होता, म्हणून हात पुढच्या खांबावर गेला."

नवी: "सगळीकडे पाणीच होतं आणि यातलं मोजायचं कुठलं ते तिला कळेना. भिंतीवरून येणारं, छतातून पडणारं, की नालीतलं? बुटात शिरलेलं तर कुणी हिशेबातच धरलं नव्हतं."

म्हाताऱ्याच्या परिच्छेदात ओल नाही, अंधार नाही, वास नाही. इतकी वर्षं गेल्यावर ते त्याला जाणवणारच नाही, त्याला फक्त सैल बोल्ट जाणवतो. नवीच्या परिच्छेदात एकही आकडा नाही. मी आधी दोघांच्या नजरेतून एकच वर्णन देत होतो, आणि ते वर्णन दोघांचंही नव्हतं, माझ्या तासाभराच्या फेरीचं होतं.

वासाचंही तसंच. नाकाला नवा वास काही मिनिटंच जाणवतो, मग तो असूनही नसल्यासारखा होतो. खर्ड्यात दर पानावर 'कुबट वास' होता. आता एकदाच, दरवाजा उघडल्या उघडल्या, तोही नवीला. डोळ्यांचं उलट: उन्हातून आत आल्यावर अंधाराला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे पायऱ्या उतरताना नवी जवळपास आंधळी आहे आणि म्हाताऱ्याला डोळ्यांची गरजच नाही. पहिल्याच प्रसंगात कोण कुणाच्या भरवशावर आहे ते एकही वाक्य न बोलता कळलं पाहिजे. जमलंय असं आज तरी वाटतंय.

१४ डिसेंबर

काही नाही. दिवसभर बल्ब पिवळा ठेवावा की पांढरा यावर घालवला. पिवळाच ठेवला.

१९ डिसेंबर

चेखॉव्हचं १८८६ मधलं पत्र पुन्हा वाचलं, भाऊ अलेक्सांद्रला लिहिलेलं. चांदण्या रात्रीचं वर्णन करायचं तर बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चमकू दे आणि कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सावली लोळत जाऊ दे, अशा अर्थाचं. यातला एकच तपशील सगळे उचलतात, काचेचा. मला त्यातली सावली जास्त महत्त्वाची वाटते. काच जागेवर आहे, सावली सरकते. एक स्थिर, एक हलतं, आणि मधली सगळी रात्र वाचक आपली आपण भरतो. गंमत म्हणजे पुढे 'द सीगल' या नाटकात त्याने हीच काच एका यशस्वी लेखकाच्या ठरलेल्या युक्तीसारखी दाखवून स्वतःचीच फिरकी घेतलीय. युक्ती म्हणून वापरली की ती शिळी होते हे त्याला ठाऊक होतं.

माझ्या गॅलरीतला स्थिर तपशील: छताच्या पांढऱ्या काड्या. हलणारा: विजेरीचा झोत. काड्यांबद्दल काकांना विचारलं पाहिजे, त्या कशाच्या असतात मला माहीतच नाही.

२८ डिसेंबर

सापडलं! आधी काड्यांबद्दल.

काँक्रीटमधून झिरपताना पाणी त्यातला चुना विरघळवून आणतं. बाहेर हवा लागली की तो पांढरा होऊन साचतो. भिंतीवर त्याचे ओघळ होतात, आणि छताला थेंब लोंबकळतो तिथे थेंबाभोवती कडं धरून पोकळ नळी वाढत जाते, शीतपेय प्यायच्या नळीसारखी. गुहेतल्या चुनखडीच्या लोलकांना काळ लागतो, या काँक्रीटमधल्या कितीतरी झपाट्याने वाढतात. काका म्हणाले, रोज माणूस ये-जा करतो तिथे टिकत नाहीत. डोक्याला, खांद्याला लागून मोडतात. "कुणी फिरकत नाही तिथे मात्र वीतभर होतात."

मी तसाच उठून घरी आलो. कपाळ चोळत.

कारण म्हाताऱ्याचं गुपित आता कुणी बोलून दाखवायची गरज नाही. चौथ्या नॉचच्या अलीकडे छत बसकं आहे. सवयीचा माणूस तिथे मान वाकवतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हाताराही वाकवेल. पण किती? दोन वर्षांपूर्वीच्या छतापुरती! त्याच्या अंगाला जागा पाठ आहे, फक्त ती जागा आता तिथे नाही.

रात्री लिहिलं:

"बोलता बोलता त्याची मान खाली गेली, नेहमीइतकी. कपाळावर कट्कन काहीतरी मोडलं. तो थांबला. मागून नवीने विजेरी वर धरली. छताच्या कडेपासून नॉचपर्यंत पांढऱ्या नळ्या ओळीने लोंबत होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब. सगळ्या शाबूत. म्हाताऱ्याने कपाळावरून हात फिरवला, बोटांना लागलेली पांढरी भुकटी पाहिली आणि पँटला पुसली. 'जपून ये,' तो म्हणाला."

महिनाभर टेंगूळ घेऊन हिंडत होतो आणि त्याची नोंद 'आजची कमाई एवढीच' अशी कुचेष्टेने केली होती.

३ जानेवारी

उलटा प्रवास. नळ्या शेवटी दाखवायच्या तर आधी पेरायला हव्यात, नाहीतर लेखकाने ऐनवेळी खिशातून काढल्यासारख्या वाटतील. पण 'छताकडे बघा' असं म्हणत पेरल्या तर वाचक दुसऱ्या पानावरच ओळखेल.

तोडगा: पहिल्या नॉचपाशी नवीच्या बुटाखाली खडूसारखं काहीतरी चुरडतं. ती विचारते, म्हातारा म्हणतो, "चुना. डोक्याला लागून पडतो." एवढंच. दुसऱ्या नॉचपाशीही पायाखाली चुरा. तिसऱ्याच्या पुढे फरशी स्वच्छ. स्वच्छ असल्याचं कुणी म्हणत नाही, फक्त पावलांचा आवाज बदलतो. चुरा नसणं हा पुरावा आहे. हे किती जणांच्या लक्षात येईल, सांगता येत नाही. दुसऱ्यांदा वाचणाऱ्याच्या यावं.

८ जानेवारी

ताईने पूर्ण खर्डा वाचला. तीन गोष्टी म्हणाली. पहिली, आता माणसं उभी दिसतात. दुसरी, पान पाचवर 'गूढ' हा शब्द आहे, तो काढ. तिसरी लागली: "अरे, पुरावे दोन कशाला? नळ्या मोडल्यावर मला सगळं कळलं. मग ती पोरगी रजिस्टर घेऊन बसते आणि थंडीतले आकडे ताडून बघते, तोवर मी तुझ्या पुढे निघून गेले होते."

रजिस्टरचा प्रसंग ४०० शब्दांचा आहे. अडीचावा घात, थंडीतला चढ, सगळी कष्टाने मिळवलेली माहिती त्यात आहे. मी वाद घातला. म्हटलं, त्याशिवाय म्हाताऱ्याची चूक किती मोठी ते कळणार नाही. ती म्हणाली, "तुला माहिती वाया घालवायची नाहीये, एवढंच आहे ते."

१० जानेवारी

दोन दिवस रुसून झाल्यावर रजिस्टरचा प्रसंग काढला. एकच ओळ ठेवली: चौथ्या नॉचवर नवी वाकते, पट्टी वाचते आणि "सहा" म्हणते. त्याआधी वर टेबलापाशी म्हाताऱ्याने सकाळीच '५' लिहून ठेवल्याचं वाचकाने पाहिलेलं आहे. प्रवाह दीडपटीच्या वर गेलाय हे कथेत कुठेच नाही. मला माहीत आहे, त्यामुळे तो 'सहा' लिहिताना हात जरा वेगळा चालला असावा. निदान मला तसं वाटून घ्यायला आवडेल.

२१ जानेवारी

सुरुवात पाचव्यांदा. आता कथा दरवाजाच्या कुलपापासून सुरू होते. म्हातारा किल्ली उलटी घालतो, कारण हे कुलूप उलट्या किल्लीनेच उघडतं. नवी बघते. धरणाचं वर्णन नाही. धरण किती मोठं आहे हे पायऱ्यांवरून कळेल, आणि नाही कळलं तर त्यावाचून काही अडत नाही.

२ फेब्रुवारी

शेवटचा परिच्छेद. दोघं वर येतात, उन्हात उभी राहतात. इथे जलाशय पुन्हा एकदा चमकायला लागला होता, अर्थपूर्ण वगैरे. पाच नोव्हेंबरचा माणूस अजून जिवंत आहे तर! जलाशय काढला. नवी जिन्यावर मागे राहून म्हाताऱ्याच्या पावलांना पावलं जुळवते, एक पायरी, थांबा, एक पायरी, आणि तो विचारतो, "दमलीस?" ती "हो" म्हणते. तिचं हे पहिलं खोटं. तिथेच थांबवलं. उन्हापर्यंत आणलंच नाही.

एकूण ७,३०० शब्द. वेगळ्या फाइलमध्ये ५,२००.

९ फेब्रुवारी

काकांनी कथा वाचली. मी धास्तावून गेलो होतो, नळ्यांचं शास्त्र चुकलं तर सगळंच कोसळेल. नळ्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. म्हाताऱ्याबद्दलही नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"पान दोनवर ११२ पायऱ्या आहेत," ते म्हणाले.

"हो."

"आणि शेवटी वर येताना ती मुलगी १२१ मोजते."

मी नकाशा काढून पाहिला. ११२. टंकताना आकडे उलटे पडले होते, आणि मी, ताई, कुणाच्याच नजरेत आलं नव्हतं.

"असू द्या पाहिजे तर," काका म्हणाले. "येताना जास्तच असतात."

पान दोनवर ११२ ठेवलं. शेवटी आकडाच काढला; नवी मोजते आणि मधेच तिचा अंक चुकतो. फाइल ताईला पाठवली.